वाघोलीत एकोणीसशे सत्तर

दसऱ्याला आपल्याकडची माणसं दोन गोष्टी हमखास करतात: सोनं वाटतात आणि नवी गाडी घेतात. सोनं आपट्याच्या पानांचं असतं, त्यामुळे त्यात कोणाचं काही अडत नाही. गाडीचं मात्र सगळं अडतं. ती दसऱ्यालाच हवी, आणायला घरातली एकूण एक माणसं हवीत, सोबत हार, नारळ, पेढे आणि फोटो काढायला एक भाचा हवा. त्यामुळे वाघोलीत नगर रस्त्यावरच्या आप्पासाहेबांच्या दुचाकी शोरूममध्ये त्या दुपारी इतकी माणसं जमली होती की गाड्या दिसत नव्हत्या.

त्या गर्दीत कल्याणी मेश्राम आणि तिची आई सुंदराबाई उभ्या होत्या. सुंदराबाई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, गेल्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. जन्मभर त्या कोणाच्या तरी मागे बसून हिंडल्या. आधी भावाच्या सायकलवर, मग नवऱ्याच्या लुनावर, नवरा गेल्यावर मुलीच्या स्कूटरवर. चोपन्नाव्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, आता मागे बसणार नाही. वाघोलीत बिल्डरांच्या नजरेतून सुटलेल्या ज्या थोड्या मोकळ्या जागा आहेत तिथे रोज सकाळी सराव चाले. सुंदराबाई चालवत आणि कल्याणी मागे बसून "ब्रेक! आई, ब्रेक!" असा जप करी. परवान्याच्या परीक्षेत बाई दोनदा नापास झाल्या. तिसऱ्यांदा पास झाल्या तेव्हा साऱ्या सोसायटीला बर्फी मिळाली, आणि ज्यांना मधुमेह होता त्यांनाही नर्सबाईंनी स्वतःच्या हाताने भरवली.

आजचा दिवस त्यांनी नेमका निवडला होता. अशोक विजयादशमी, धम्मचक्र प्रवर्तन दिन. बाबासाहेबांनी ज्या दिवशी दीक्षा दिली त्याच दिवशी गाडी घरात येणार, आधी नाही आणि नंतर नाही. शिवाय विहारातल्या बायकांनी या वर्षी पहिल्यांदाच दुचाकींची फेरी काढायची ठरवलं होतं. फक्त बायकांची फेरी, केसनंद फाट्याजवळच्या विहारापासून विश्रांतवाडीपर्यंत. दुपारी चारला निघायचं. पुढच्या गाडीवर पंचशील ध्वज कोण लावणार, असं बैठकीत विचारल्यावर सुंदराबाईंनी हात वर केला. गाडी तेव्हा त्यांच्याकडे नव्हती. शर्मिला नावाची एक तरुण सून हसून म्हणाली, "काकू, गाडी आली तर ठीक, नाहीतर माझ्या मागे बसा." तिने चांगल्या मनानेच म्हटलं, पण सुंदराबाईंना ते दोन दिवस जेवू देईना.

म्हणून चारच्या आत गाडी हातात पाहिजे होती. पैसे भरून झाले होते, नंबरप्लेट लागली होती, गाडी पुसून उभी होती. हवा होता फक्त गेट पास.

"सिस्टीम स्लो आहे," काउंटरवरची ओवी म्हणाली. ओवी ही हसतमुख मुलगी गेला तासभर हे एकच वाक्य वेगवेगळ्या चालीत म्हणत होती.

"स्लो म्हणजे चालू आहे ना?" कल्याणीने विचारलं.

"स्लो म्हणजे बंद आहे, मॅडम. पण तसं म्हणायचं नसतं."

आणि पास नसेल तर फाटकावर बजरंग होता. बजरंग शोरूमचा रखवालदार, मिशीवाला, तत्त्वाचा माणूस. "पास न्हाय तर गाडी न्हाय," तो सगळ्यांना सारखंच ऐकवत होता. "मालक सोता गाडी घेऊन आला तरी मी पास मागतो. विचारा मालकाला, खरं हाय का न्हाय."

तेवढ्यात कल्याणीचा फोन वाजला. चेतन होता, तिच्या ऑफिसातला. कल्याणी खराडीतल्या एका कंपनीत नेटवर्क इंजिनियर. गावोगावच्या दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे राउटर ही कंपनी लांबून सांभाळते. राउटर हा प्राणी असा आहे की तो बंद पडेपर्यंत कोणाला त्याचं नाव ठाऊक नसतं.

"सॉरी यार, तू लीव्हवर आहेस माहितीये," चेतन म्हणाला, "पण एका साइटचा टनेल डाऊन आहे, क्लायंट जाम ओरडतोय. वाघोलीला तुझ्या घराजवळच आहे. टू-व्हीलरचं शोरूम."

कल्याणीने मान वर करून दारावरची पाटी वाचली. मग फोनवर पुन्हा नाव विचारून घेतलं. मग ती इतक्या मोठ्याने हसली की नव्या बायकोशेजारी हार घेऊन उभा असलेला एक नवरदेव दचकला.

"काय झालं? काहून हसून राहिली?" सुंदराबाईंनी विचारलं. पुण्यात तीस वर्षं काढूनही त्यांची भंडाऱ्याची बोली जागची हललेली नव्हती.

"आई, यांचं जे बंद पडलंय ना, ते आमच्याकडेच सांभाळायला आहे."

"म्हणजे तुझ्यामुळे माझी गाडी अडून राहिली?"

"माझ्यामुळे नाही गं. आमची कंपनी..."

"तुझीच ना कंपनी? मग जा, लाव हात. लॅपटॉप पाठीवरच हाय."

लॅपटॉप खरंच पाठीवर होता. सुंदराबाई त्याला जावई म्हणत, कारण सणावाराला तो न बोलावता घरात असे.

कल्याणीने ओवीला आपली ओळख सांगितली, ओवीने ती आप्पासाहेबांना सांगितली, आणि बघता बघता बातमी फाटकापर्यंत पोचली. इंजिनियर आलीय, गर्दीतच होती, ती बघा, निळ्या कुर्त्यातली. आप्पासाहेब आले. सत्तरीचे, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला सही करून पोच द्यावीशी वाटावी.

"आपण दुरुस्त करणार?"

"हो."

"गाडी घ्यायला आला आहात ना?"

"हो."

"म्हणजे आपलंही अडलंय. छान. स्वतःचं अडलं की माणूस मन लावून काम करतो. या."

राउटर मागच्या खोलीत होता, सुट्या भागांच्या फळ्यांच्या वर. कल्याणी त्याला बघून जरा थबकली. राउटरला झेंडूचा घसघशीत हार होता. कपाळ म्हणावं अशा जागी हळदकुंकू होतं. डोक्यावर अक्षता, आणि हवा बाहेर पडायच्या बारीक भोकांपैकी निम्मी कुंकवाने बुजलेली. आयुष्यात तिने पुष्कळ राउटर पाहिले होते, पण इतका मान मिळालेला एकही नव्हता.

तिने हार अदबीने काढून बाजूला ठेवला, फुंकर मारून अक्षता उडवल्या, एकेक वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. एका वायरीच्या खाचेत झेंडूची पाकळी सापडली तेव्हा तिला वाटलं, हाच चोर. पण पाकळी काढूनही काही झालं नाही. दिवे तर आधीपासूनच हिरवे होते.

"कोणी हात लावला होता का याला?" तिने आप्पासाहेबांना विचारलं. बिघाड शोधताना हा पहिला प्रश्न विचारायचा असतो. आणि त्याचं उत्तर जगात कुठेही एकच मिळतं.

"कोणीही नाही," आप्पासाहेब म्हणाले.

"काही बदल वगैरे?"

"आमच्याकडे एकोणीसशे एक्क्याऐंशीपासून काहीही बदललेलं नाही."

दारात तोवर प्रेक्षक जमले होते. केशरी फेटा बांधून आलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं, "ताई, बंद करून परत चालू करा. आमचा टीव्ही तसाच होतो." त्यांच्यामागून आणखी तिघांनी तेच सांगितलं. कल्याणी म्हणाली, करते. बंद करून चालू करून पाहिलं. दिवे पुन्हा हिरवे, आणि पास पुन्हा नाही.

आता हा टनेल काय प्रकार आहे ते सांगायला हवं, कारण सुंदराबाईंनीही तेव्हाच विचारलं आणि कल्याणीने त्यांना सांगितलं. वाघोलीच्या शोरूमचे सगळे कागद हडपसरच्या मुख्य कचेरीतल्या कॉम्प्युटरवर तयार होतात. मध्ये इंटरनेटचा सार्वजनिक रस्ता. त्या रस्त्यावरून आपली कामं उघडी न्यायची नाहीत, म्हणून दोन्हीकडच्या राउटरनी मिळून एक खाजगी भुयार खणलेलं असतं. भुयाराच्या दोन तोंडांना दोन राखणदार. दोघांनी एकमेकांना ओळखपत्र दाखवायचं. पटलं तर दार उघडायचं, नाहीतर नाही.

"म्हणजे दोन्हीकडे बजरंगच की," सुंदराबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच."

रस्ता ठीक होता. हडपसरला हाक मारली की उत्तर येत होतं. दार मात्र उघडत नव्हतं. कल्याणी इथून बघत होती, चेतन खराडीतून हडपसरच्या राउटरमध्ये डोकावत होता, फोन दोघांच्या मध्ये चालू.

"सापडलं," चेतन म्हणाला. "वाघोलीचा राउटर हडपसरचं सर्टिफिकेट रिजेक्ट करतोय. इनव्हॅलिड म्हणतोय."

"ओळखपत्राची मुदत संपलीय का?"

"नाही ना! पुढच्या मार्चपर्यंत चालतंय. करप्ट झालं असेल. नवीन इश्यू करायला लागेल, पण ते अनिरुद्ध सरांकडे असतं आणि सर कोकणात गेलेत. फोन लागत नाहीये. उद्या दुपारपर्यंत करू, पक्का."

उद्या दुपारपर्यंत.

कल्याणी बाहेर आली. सुंदराबाई आपल्या गाडीजवळ उभ्या होत्या. निळ्या रंगाची स्कूटर. तिच्या आरशावर त्यांनी ओढणीच्या टोकाने उगाचच एकदा हात फिरवला होता, तो अजून तिथेच होता.

"आई, कदाचित उद्या मिळेल."

सुंदराबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून ध्वज काढून ठेवला होता, तो नीट घडी करून परत आत ठेवला. "बरं," त्या म्हणाल्या. "शर्मिलाला फोन लावते. तिच्या मागे जागा हाय म्हणे."

चार वर्षं कल्याणी लोकांची बंद पडलेली दारं उघडून देत होती. नाशिकच्या गोदामाचं, साताऱ्याच्या दवाखान्याचं, कोणाकोणाचं. आज आपल्या आईचं एक दार उघडत नाही, याचा तिला असा काही राग आला की ती तशीच पाय आपटत मागच्या खोलीत गेली.

"चेतन, फोन ठेवू नको. सर्टिफिकेट करप्ट वगैरे काही नाही. सकाळी ते बाकीच्या ब्रँचना चाललंय. मग वाघोलीलाच का नको?"

"अगं पण लॉग तेच सांगतोय."

"कितीचा लॉग आहे? तुझ्याकडे नकार कधी आला?"

चेतनने आत्ताची वेळ सांगितली. कल्याणीने आपल्या पडद्यावर तीच नोंद शोधली. नोंद होती. तिच्यापुढे तारीखही होती. कल्याणीने ती एकदा वाचली, मग बोट ठेवून वाचली.

"एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर," ती म्हणाली.

"काय?"

"चेतन, हा राउटर एकोणीसशे सत्तर साली राहतोय!"

दारात उभ्या असलेल्या सुंदराबाईंनी हे ऐकलं. "सत्तर? मी तर तेव्हा जन्मालाही आली नव्हती."

"बघ ना! आणि याला आपण आजचं ओळखपत्र दाखवतोय. हा म्हणतो, हे ओळखपत्र सुरू व्हायला अजून पन्नासहून जास्त वर्षं आहेत, चालते व्हा. बिचाऱ्याचं काय चुकलं?"

घड्याळाचा हा असा प्रकार आहे. राउटर चालू असेपर्यंत त्याचं घड्याळ चालतं. वीज गेली की स्वस्तातल्या राउटरचं घड्याळ पार विसरून जातं, आणि पुन्हा जाग आली की तो मोजायला सुरुवात करतो त्याच्या बाळपणापासून, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांनी शून्य मांडलेल्या एकोणीसशे सत्तरपासून. मग कोणाला तरी वेळ विचारून घेतो. वाघोलीच्या राउटरने वेळ विचारायची ती हडपसरला. आणि हडपसरला जायचं ते भुयारातून. भुयार उघडायला घड्याळ बरोबर हवं आणि घड्याळ बरोबर व्हायला भुयार उघडं हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

"पण वीज गेली कधी?" चेतन म्हणाला. "तिकडे यूपीएस आहे ना?"

कल्याणी आप्पासाहेबांकडे वळली. "काल हा बंद केला होता का?"

"अर्थातच," आप्पासाहेब म्हणाले. "काल खंडेनवमी होती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? शस्त्रांची आणि यंत्रांची पूजा. त्या दिवशी त्यांच्याकडून काम घेत नाहीत. वर्षभर राबतात, एक दिवस झोपू द्यावं. दुपारी पूजा झाली की मी स्वतः मेन स्विच खाली करतो. यूपीएससुद्धा. तोही राबतोच."

"आप्पासाहेब, मी तुम्हाला विचारलं होतं, कोणी हात लावला का!"

"हात नाही लावला. पाया पडलो."

"आणि बदल केला का, तेही विचारलं!"

"दरवर्षी करतो त्याला बदल कसं म्हणणार, बाई? केलं नसतं तर बदल झाला असता."

गेल्या दसऱ्याला हा राउटरच नव्हता, तो उन्हाळ्यात बसवला, आणि बसवणाऱ्यांपैकी कोणीही विचार केला नव्हता की वाघोलीत एक गृहस्थ असे आहेत जे राउटरलाही सुट्टी देतात. फोनवर चेतन इतका हसत होता की त्याला ठसका लागला.

"किती वाजले?" कल्याणीने विचारलं आणि बोटं पडद्यावर ठेवली. दारातल्या साऱ्यांनी एकदम उत्तर दिलं. प्रत्येकाच्या मनगटावर वेगळी वेळ होती. तिने आपल्या फोनवर पाहून तारीख आणि वेळ टाकली, आणि वाघोलीचा राउटर पन्नासहून जास्त वर्षं एका दमात चालून आजच्या दसऱ्यात येऊन उभा राहिला.

एक क्षण काही नाही. मग चेतन ओरडला, "अप! टनेल अप!" आणि बाहेर ओवीच्या काउंटरवर प्रिंटरला वाचा फुटली. सकाळपासून तुंबलेले पास एकामागून एक असे बाहेर यायला लागले की ओवीला ते धरायला दोन हात पुरेनात. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. नवरदेवाने आनंदाच्या भरात आपल्या गाडीचा हार कल्याणीच्या गळ्यात घातला, बायकोने डोळे वटारताच परत घेतला. पेढे तर असे फिरले की कल्याणीच्या तोंडात एक असताना दोन्ही हातांत दोन होते.

"पहिला पास आपल्या आईसाहेबांचा," आप्पासाहेब म्हणाले.

"नाही," सुंदराबाई म्हणाल्या. "रांगेनं द्या. दवाखान्यात जन्मभर मी लोकांना रांगेत उभं केलं, आज मी मधे कशी घुसू?"

कल्याणीने कपाळाला हात लावला. पुढे आठ-दहा कुटुंबं होती, आणि प्रत्येकाचा नारळ, प्रत्येकाचं लिंबू, प्रत्येकाचा भाचा. फेटेवाल्या गृहस्थांचा नारळ काही केल्या फुटेना. कल्याणी घड्याळाकडे बघे आणि सुंदराबाई कल्याणीकडे बघून म्हणत, "होईल." आणि झालं. तिनाच्या सुमाराला त्यांचा नंबर आला.

आप्पासाहेब ताट घेऊन पुढे झाले. "आमच्यात पूजा नाही करत," सुंदराबाई म्हणाल्या. आप्पासाहेबांनी ताट मागे दिलं आणि टोपी सारखी करून बाजूला उभे राहिले. सुंदराबाईंनी आरशापाशी ध्वज बांधला, पांढरी फुलं ठेवली, हात जोडले. मायलेकींनी हलक्या आवाजात त्रिशरण म्हटलं. आजूबाजूचा गोंगाट तेवढ्यापुरता आपणहून खाली आला.

"एक लिंबू वाचलं," झाल्यावर आप्पासाहेब म्हणाले. "संध्याकाळी सरबत करू. अभिनंदन, बाई."

सुंदराबाई गाडीवर बसल्या. मागची जागा त्यांनी हाताने पुसली. "बस," त्या लेकीला म्हणाल्या. आणि त्याच क्षणी शोरूममधले सगळे दिवे गेले.

जनरेटर लागलीच सुरू झाला. पंखे फिरले, दिवे आले, लोक हुश्श म्हणाले. कल्याणी म्हणाली नाही. यूपीएसला काल झोपवलं होतं, आज त्याला कोणी उठवलंच नव्हतं, राउटर सरळ भिंतीतल्या विजेवर चालत होता. आत ओवीचा प्रिंटर अर्ध्या पासावर थांबला होता. राउटर परत सत्तर साली गेला होता.

आता घड्याळ लावायला दोन मिनिटं पुरली असती. पण पुढल्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच. पक्कं काम करायचं तर राउटरला सांगायला हवं होतं की वेळ हडपसरला विचारू नको, भुयाराबाहेरच्या जगाला विचार. त्याला वरची परवानगी लागते, चेतनने ती मिळवायला हवी, मग करून, तपासून, वाट बघून खात्री करायला हवी. रांगेत अजून निम्मे लोक होते. फेरी चारला निघणार होती. कल्याणी गाडी आणि दार यांच्यामध्ये उभी राहिली आणि तिला कुठेच पाऊल टाकता येईना. आईला या नगर रस्त्यावर एकटं सोडायचं? कंपन्यांच्या बस, पाण्याचे टँकर, उलट्या बाजूने येणारे शहाणे. मोकळ्या जागेत आठ काढणं वेगळं.

"आई, तू दहा मिनिटं थांब. नाहीतर शर्मिलाला इकडे बोलावू, ती तुझ्या सोबतीला..."

"कल्याणी," सुंदराबाई म्हणाल्या. दवाखान्यात इंजेक्शन द्यायच्या आधी त्या याच आवाजात बोलत. "ही एवढी माणसं सकाळपासून उभी हायेत. त्यांचं उरक. मी जाते."

"एकटी?"

"गाडी कोणाची?"

कल्याणीला रडू आलं आणि हसूही आलं, आणि कोणतं आधी येऊ द्यावं हे कळेना म्हणून तिने आईच्या हेल्मेटचा पट्टा उगाचच पुन्हा घट्ट केला.

फाटकावर बजरंगने पास घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, नंबरप्लेटशी ताडला. मग फाटक पूर्ण उघडून त्याने खाडकन सलाम ठोकला. "जावा आक्का. सावकाश जावा." सुंदराबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. एक टँकर जाऊ दिला. एक बस जाऊ दिली. आणि मग त्यांची निळी गाडी, पाच रंगांचा ध्वज फडकवत, नगर रस्त्याच्या त्या लोंढ्यात शिरली. इंडिकेटर बंद करायला त्या विसरल्या होत्या. दिसेनाशी होईपर्यंत गाडी वळणार आहे, वळणार आहे असं सांगत सरळ गेली. मागे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

पुढचा तास कल्याणीने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. पहिल्यांदा तारीख टाकताना तिने साल चुकवलं. फोन दर मिनिटाला पाहिला. चेतनने कोणालातरी जेवणावरून उठवून परवानगी आणली. तिने राउटरला नवी सवय लावली, यूपीएसला उठवून चालू केलं, आणि मग खात्री करायची म्हणून राउटरची वायर स्वतःच्या हाताने उपटली.

"अहो!" आप्पासाहेब ओरडले. "आत्ता कुठे सुरू झाला होता!"

"आता बघा," कल्याणी म्हणाली आणि वायर परत लावली. दिवे लाल झाले, नारिंगी झाले, हिरवे झाले. पडद्यावर सत्तर साल उमटलं, आणि कोणी काही न सांगता राउटर आपणहून वेळ विचारून आला. आजची तारीख. मग भुयार उघडलं. प्रिंटरने अडकलेला अर्धा पास पूर्ण केला.

"पुढच्या खंडेनवमीला झोपू द्या त्याला खुशाल," ती म्हणाली. "आता उठेल तेव्हा त्याला कळेल आपण कुठे आहोत ते."

आप्पासाहेबांनी राउटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांनी झेंडूचा हार उचलून राउटरला परत घातला, या वेळी भोकं मोकळी ठेवून. आणि आपट्याचं पान तिच्या हातावर ठेवत म्हणाले, "काम बरं करता आपण." पुण्यात याहून मोठं कौतुक होत नाही.

चार वाजून गेले होते. रांग संपत आली होती. कल्याणीने फोन हातात घेतला आणि तेवढ्यात तो वाजला. पलीकडे हॉर्न, घोषणा, बायकांचं हसणं, आणि त्या सगळ्याच्या वर आईचा आवाज, मोठा, धापा टाकणारा, वीस वर्षांनी लहान झालेला.

"कल्याणी! निघालो आम्ही! मी पुढे हाय. सगळ्यात पुढे! सिग्नलला थांबले म्हणून फोन केला. पोलीसदादानं पण हात दाखवला मला!"

"आई, सिग्नलला फोन नाही करायचा!"

"हो हो, ठेवते. ऐक. तुझं झालं का काम?"

"झालं. मी येते विश्रांतवाडीला. बसने येते."

"बसनं नको. तिथंच थांब. कार्यक्रम झाला की मी तुला घ्यायला येते. फाटकापाशी उभी राहा, इकडंतिकडं जाऊ नको."

फोन बंद झाला. कल्याणी फाटकापाशी येऊन बजरंगच्या शेजारच्या कट्ट्यावर बसली. लहानपणी शाळा सुटली की फाटकाशी इतरांच्या आया उभ्या असत. सुंदराबाईंची दुपारपाळी असे, त्यामुळे कल्याणी शेजारच्यांचं बोट धरून घरी जाई, आणि मोठी झाल्यावर एकटी. त्याबद्दल ती आईला कधी काही बोलली नव्हती, बोलण्यासारखं काही नव्हतंच. आई कामाला जात होती, म्हणून तर घर चालत होतं.

"मॅडम, कोणाची वाट बघताय?" बजरंगने विचारलं.

"आई येणार आहे," कल्याणी म्हणाली. "मला न्यायला."